परवडणारा अ‍ॅम्प्लिफायर आणि बाईंचा अंतरा

तानसेन जन्माला यावा लागतो, याबद्दल दुमत नाही. कानसेन मात्र बाजारात मिळणाऱ्या सामानातून घरच्या घरी तयार करता येतो. त्याला लागतात दोन स्पीकर, एक अ‍ॅम्प्लिफायर, पुरेशा वायरी आणि घरातल्या इतर माणसांची सहनशक्ती. यातल्या पहिल्या तीन वस्तू दुकानात मिळतात. चौथी लग्नात मिळते, आणि तिची हमी नेमकी किती वर्षांची, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

निरीक्षकांना ती आजवर पुरली होती. ते वजनमापे खात्यात होते. दुकानदाराच्या तराजूत शिक्क्याचं वजन ठेवायचं, काटा बघायचा आणि दुकानदाराकडे न बघता शेरा लिहायचा, हे त्यांचं काम. उभ्या आयुष्यात त्यांनी माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, काट्यावर ठेवला. त्यांच्या पत्नी शाळेत भूगोल शिकवत. त्यांना सगळा मोहल्ला ‘बाई’ म्हणे, दूधवाला म्हणे, आणि रागावल्या की खुद्द निरीक्षकही म्हणत.

बाईंचा उजवा गुडघा बदलला. न्हाणीघर जवळ पडावं म्हणून त्यांचा पलंग बाहेरच्या खोलीत आणला. ऑपरेशन उत्तम झालं होतं. आता फक्त पेशंटला उठावंसं वाटायला हवं, असं डॉक्टर म्हणाले. वैद्यकशास्त्राने आपल्या बाजूचं काम असं चोख संपवलं होतं.

पण बाईंना उठावंसं वाटेना, कारण पडल्या पडल्या त्यांच्या डोक्यात एक गाणं शिरलं होतं. मुखडा आठवे, अंतरा आठवेना. मुखडा गुणगुणून झाला की गाडी पुढे सरकायची नाही, परत मुखड्यावर यायची. हे दुखणं गुडघ्यापेक्षा वाईट होतं. गुडघ्यावर निदान गोळी होती.

‘‘अहो,’’ बाई म्हणाल्या, ‘‘ते माझं गाणं लावा ना एकदा. अंतरा आठवतच नाहीये. जीव नुसता टांगणीला लागलाय.’’

सामान्य नवऱ्याने खिशातून मोबाइल काढला असता, गाणं लावलं असतं आणि ही कथा इथेच संपली असती. निरीक्षक म्हणाले, ‘‘लावतो. पण नीट लावू.’’

इथे एक खुलासा आवश्यक आहे. निरीक्षकांचं बाईंवर मनापासून प्रेम होतं. ऑपरेशन चालू असताना दवाखान्याच्या बाकावर बसून ते चक्क रडले होते (रुमाल खात्याचा होता, पण अश्रू खाजगी होते). तिने मागून मागून काय मागितलं, तर एक गाणं. मग ते मोबाइलच्या चिमणीएवढ्या स्पीकरवर कसं ऐकवायचं? पुढे जे काही झालं ते प्रेमापोटी झालं, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं. निव्वळ दुर्लक्षाने एवढा त्रास देता येत नाही.

निरीक्षक शहरातल्या ‘शुद्ध श्रवण मंडळा’चे सभासद होते. मंडळाचे अध्यक्ष दंतवैद्य होते. दिवसभर दातांचं यंत्र ऐकून त्यांचा वरच्या पट्टीचा कान तयार झाला होता, असं ते स्वतः सांगत. दुसरे वजनदार सभासद केबलकाका. यांचा अ‍ॅम्प्लिफायरवर विश्वास नव्हता, स्पीकरवर तर नव्हताच. जे काही आहे ते तारेत आहे, असं त्यांचं मत होतं. बाकीचे सभासद या दोघांपैकी जो शेवटी बोलेल त्याच्याशी सहमत असत.

मंडळाच्या घटनेत संगीताचा उल्लेख एकदाच येतो, तोही ‘संगीत इत्यादी’ असा.

मंडळाचा पहिला नियम ‘कोरा कान’. ज्या गाण्याचं श्रवण योग्य यंत्रावर व्हायचं आहे ते त्याआधी हलक्या यंत्रावर ऐकू नये. कान विटतो आणि मग उत्तम यंत्रही फुकट जातं. निरीक्षकांनी बाईंकडून तसा शब्द घेतला. बाईंनी दिला, कारण त्यांना वाटलं, प्रश्न दोन दिवसांचा आहे. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी रोज येई. ती म्हणाली, ‘‘बाई, सांगा कुठलं गाणं, माझ्या फोनवर लावते की.’’ बाई म्हणाल्या, ‘‘नको गं. ह्यांना शब्द दिलाय. वर्गात पोरांना शब्द पाळायला शिकवायचं, आणि घरी आपणच मोडायचा?’’

आता प्रश्न उरला अ‍ॅम्प्लिफायरचा. निरीक्षकांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर लोखंडी ट्रंकेएवढा होता आणि तापला की खोलीत उन्हाळा येई. मंडळाने एकमताने शिफारस केली की त्यांनी डिजिटल इनपुटचा, आणि तोही परवडणारा, अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा.

परवडणारा म्हणजे काय, यावर मंडळाने बराच विचार केला होता. महागडा अ‍ॅम्प्लिफायर माणूस एकदाच घेतो आणि मग जन्मभर त्याची बाजू घेत बसतो. परवडणारा मात्र पुन्हा पुन्हा घेता येतो. घरी तो ‘अगं, अगदीच किरकोळ होता’ असं म्हणून दाखवता येतो, आणि ते खरंही असतं (दर खेपेला).

डिजिटल इनपुटची थोरवी अध्यक्षांनी समजावून दिली. जुन्या यंत्रात गाणं गाण्याच्याच रूपात शिरतं आणि वाटेत जो भेटेल तो भाग त्यात आपला खडखडाट मिसळतो. या नव्या डबीत मात्र शिरतात ते नुसते शून्य आणि एक. त्यांचं गाणं होतं ते अगदी शेवटच्या दारात, स्पीकरकडे निघताना. त्यामुळे वाटेत भेसळीला वावच नाही. ‘भेसळ’ हा शब्द ऐकून निरीक्षक विरघळले. केबलकाकांनी मात्र सावध केलं, ‘‘एक सगळे सारखेच असतात हो. फरक पडतो तो शून्यात. साध्या तारेतून आलेला शून्य पोकळ लागतो.’’

पहिला अ‍ॅम्प्लिफायर आला. कंपासपेटीहून जरासा मोठा, राखाडी, पुढे एकच बटण. बाईंनी मान वळवून बघितलं आणि विचारलं, ‘‘एवढ्याशा डबीत मावेल का हो अंतरा?’’ निरीक्षकांना प्रश्न अशास्त्रीय वाटला, पण आजारी माणसाशी वाद घालू नये म्हणून ते हसले. तुलनेसाठी दुसरा मागवणं ओघानेच आलं, कारण एका पारड्याचा तराजू खात्यालाही मान्य नाही. तुलना करायला बसल्यावर तिसराच चांगला असल्याचं वाचनात आलं.

‘‘आता लावा,’’ बाई म्हणाल्या.

‘‘इतक्यात नाही. आधी मुरवावा लागतो.’’

नवा अ‍ॅम्प्लिफायर मुरवावा लागतो, हे कानसेनांच्या जगात इतकं सर्वमान्य आहे की त्याचा पुरावा आजवर कुणी मागितलेला नाही. मुरवण्यासाठी गाणं चालत नाही. त्यासाठी एक खास आवाज असतो, त्याला गुलाबी गोंगाट म्हणतात. नळ सोडून कुणी गावाला गेलं तर येईल तसा तो येतो. तिन्ही डब्या आळीपाळीने मुरवायच्या ठरल्या. निरीक्षक सकाळी कामावर जाताना गोंगाट सुरू करून जात आणि संध्याकाळी आल्यावर बाईंना विचारत, ‘‘काही फरक वाटतोय का?’’

‘‘वाटतोय. डोकं दुखतंय.’’

‘‘म्हणजे वरची पट्टी मोकळी होतेय,’’ निरीक्षक लिहून घेत.

भेटीला येणारी माणसं खोलीत शिरताच आवाज खाली आणत आणि थोड्या वेळाने न्हाणीघर कुठे आहे ते विचारत. निरीक्षकांच्या पाहणीनुसार सहानुभूती दाखवायला आलेल्यांपैकी निम्म्यांना ही गरज भासली. शेजारच्या काकूंनी तर नगरपालिकेला गळतीची तक्रारही केली. माणूस येऊन भिंतीला कान लावून गेला आणि ‘पाणी दिसत नाही, पण आवाज भरपूर दाबाचा आहे’ असा दाखला देऊन गेला. निरीक्षकांनी तो मंडळात वाचून दाखवला. टाळ्या पडल्या.

या सगळ्यात बाईंचा मुखडा पार बुडाला असता तर बरंच झालं असतं. पण तो गोंगाटातही वर येई आणि नेमका त्याच जागी अडकून राही. व्यायाम घेणारी मुलगी वैतागली. ‘‘बाई, मन नाही तुमचं यात. अजून काठी धरूनसुद्धा चार पावलं टाकत नाही तुम्ही. या आठवड्यात उठला नाहीत ना, तर गुडघा आखडेल. मग पुन्हा भूल देऊन वाकवावा लागतो. मी घाबरवत नाहीये, खरं तेच सांगतेय.’’

‘‘कळतंय गं मला,’’ बाई म्हणाल्या आणि छताकडे बघत राहिल्या. निरीक्षक दारात उभे राहून ऐकत होते. रात्रभर तळमळून त्यांनी निर्णय घेतला की आता जराही दिरंगाई करायची नाही. खोलीत आवाज कुठे घुमतो याची मोजणी ताबडतोब करून घ्यायची.

अध्यक्ष मोजणीचा माईक घेऊन आले. डाव्या कोपऱ्यात खर्ज, म्हणजे खालचा जाड आवाज, फुगतो, ही पुष्कळ घरांची व्यथा आहे. लोक त्यावर गाद्या लावतात, जाड पडदे लावतात, पुस्तकं विकत घेतात (वाचण्याची सक्ती नाही). निरीक्षकांच्या घरात मात्र आलेख सरळ सपाट आला. असा सपाट आलेख अध्यक्षांनी फक्त माहितीपत्रकात पाहिला होता. कारणाचा शोध सुरू असताना व्यायामवाली मुलगी बाईंना चाकांच्या खुर्चीत बसवून न्हाणीघरात घेऊन गेली, आणि त्याच क्षणी आलेखाला उंटासारखी मदार आली. बाई परत आल्या, पलंगावर टेकल्या, आणि मदार गेली.

‘‘वहिनी,’’ अध्यक्ष भारावून म्हणाले, ‘‘खर्ज शोषून घेणारा तुमच्यासारखा पदार्थ बाजारात नाही!’’

‘‘म्हणजे मी काय दलदल आहे का हो?’’ बाई म्हणाल्या.

ठराव झाला की सौभाग्यवती निरीक्षक यांनी सध्याच्या जागी, सध्याच्या स्थितीत राहणं मंडळाच्या दृष्टीने इष्ट आहे. अध्यक्षांनी वैद्यकीय नात्याने ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना फोन करून विचारलं की पेशंटच्या चालण्याची अशी काही घाई आहे का. डॉक्टरांनी काय उत्तर दिलं ते कळलं नाही, कारण फोन मध्येच बंद झाला. तारेचा दर्जा, असं केबलकाकांचं निदान पडलं. फोन मोबाइल होता, ही बाब त्यांच्या निदानाच्या आड आली नाही.

ठरावावर निरीक्षकांनी सही केली. सही करण्याआधी त्यांनी ठराव दोनदा वाचला, हे त्यांच्या बाजूने नोंदवलं पाहिजे.

रविवारी सकाळी मंडळ जमलं. तिन्ही डब्या एका ओळीत मांडल्या होत्या. बाईंना वाटलं, अखेर आपलं गाणं लागणार. निरीक्षकांनी त्यांना समजावलं, ‘‘आधी कोणता अ‍ॅम्प्लिफायर ते ठरवू, मग तुझं गाणं. तोवर मंडळाचे परीक्षा-तुकडे वाजतील.’’ बाईंनी डोळे मिटले. मंडळाच्या नियमानुसार बाकीच्यांनीही मिटले. (उघड्या डोळ्यांनी ऐकणाऱ्याला यंत्राची किंमत दिसते आणि निकाल दूषित होतो.)

मंडळात गाण्यांना नावं नसतात, गुण असतात. एकाला ‘तबल्याची शाई’ म्हणतात, एकाला ‘गायिकेचा श्वास’, एकाला ‘मागचा खोकला’. सर्वात मोलाचा तुकडा ‘खुर्ची’. हे एक जुनं गाणं आहे. त्यात मुखडा संपता संपता डावीकडच्या वादकाची खुर्ची करकरते. बऱ्या यंत्रावर करकर ऐकू येते. उत्तम यंत्रावर खुर्ची लाकडी आहे हे कळतं. सर्वोत्तम यंत्रावर ती दुरुस्त करून घ्यायला हवी होती असं वाटतं. खुर्ची वाजली की अध्यक्ष गाणं बंद करत, कारण पुढे ऐकण्यासारखं काही उरत नसे. सभासदांनी हा तुकडा शेकडो वेळा ऐकला होता, आणि गाण्याचे शब्द विचारले असते तर एकालाही सांगता आले नसते.

अध्यक्षांनी रिमोट दाबला. पहिल्या डबीतून सूर निघाले, आणि पलंगावर बाई ताडकन अर्ध्या उठून बसल्या. तोच मुखडा होता. ज्याने कित्येक दिवस छळलं, तोच, भिंतीएवढा मोठा होऊन खोलीत उभा होता. बाईंचे ओठ हलू लागले. मुखडा संपला, खुर्ची करकरली, आता अंतरा येणार, आणि अध्यक्षांनी रिमोट दाबला.

‘‘अहो, थांबवू नका हो!’’ बाई ओरडल्या.

‘‘छान,’’ अध्यक्ष मिटल्या डोळ्यांनी म्हणाले. ‘‘अप्रशिक्षित कानाकडून उत्स्फूर्त दाद. लिहून घ्या.’’

दुसरी डबी लावली. पुन्हा मुखडा, पुन्हा खुर्ची, पुन्हा रिमोट.

‘‘अरे, पुढे जाऊ द्या ना!’’

‘‘ ‘पुढे’, असं म्हणाल्या वहिनी,’’ केबलकाका हळूच म्हणाले. ‘‘म्हणजे आवाज पुढे येतोय. खोली आहे याला.’’

निरीक्षक लिहीत होते. बाईंचा आवाज त्यांना नेहमीपेक्षा वेगळा वाटला, पण श्रवण चालू असताना आवाजांबद्दल बोलायचं नसतं.

तिसरी डबी लावली. मुखडा झाला, खुर्ची वाजली, गाणं थांबलं. या वेळी पलंगाकडून अवाक्षर आलं नाही. ‘‘स्तब्ध!’’ अध्यक्ष कुजबुजले. ‘‘हाच तो. पुन्हा एकदा लावतो, खात्रीसाठी.’’ मुखडा पुन्हा सुरू झाला, आणि अध्यक्षांच्या कपाळावर आठी पडली. ‘‘खर्ज फुगला. कोण हललं? खोलीतलं काहीतरी हललं!’’

निरीक्षकांनी नियम मोडून डोळे उघडले. पलंग रिकामा होता. काठी पलंगाला टेकलेली होती. बाई खोलीच्या मधोमध, एका हाताने गाऊन सावरत, दुसरा हात हवेत तोलत, एकेक पाऊल टाकत चालल्या होत्या. चेहरा घामाने भिजला होता. दोन्ही बाजूंना डोळे मिटलेले पुरुष ओळीने बसले होते, आणि आपल्या बायकोला चालताना बघणारे त्या खोलीत निरीक्षक एकटेच होते.

त्यांच्या हातातलं पेन खाली पडलं. ‘‘अगं,’’ ते म्हणाले. ‘‘अगं, तू चालतेयस!’’

‘‘गप्प बसा,’’ बाई म्हणाल्या. ‘‘अंतरा येतोय.’’

अध्यक्षांचा अंगठा रिमोटवर गेला. बाईंनी त्यांच्यासमोर तळहात पसरला. ‘‘आणा इकडे,’’ त्या म्हणाल्या. वर्गात मागच्या बाकावरच्या पोराकडून चिंचोके काढून घ्यावेत, तो आवाज. अध्यक्षांनी डोळे उघडले आणि रिमोट मुकाट्याने तळहातावर ठेवला. खुर्ची करकरली, आणि मंडळाच्या इतिहासात प्रथमच गाणं तिच्या पुढे गेलं.

अंतरा आला.

बाई उभ्याच होत्या. पहिली ओळ गायिकेने म्हटली, आणि दुसरी बाईंनी तिच्याआधीच म्हटली, कारण ती आता आपसूक आली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. निरीक्षक उठून त्यांच्याशेजारी जाऊन उभे राहिले. आधार द्यावा की नाही हे न समजल्यामुळे त्यांनी नुसताच हात जवळ धरून ठेवला. बाईंनी न बघता तो पकडला.

सभासदांमध्ये मात्र चलबिचल सुरू झाली. ‘‘हे काय आहे?’’ एकाने विचारलं. ‘‘हे इथे कधीपासून आहे?’’ केबलकाकांना तारेची शंका आली. अध्यक्ष स्वतःला सावरून म्हणाले की तुकड्याला पुढचा भाग असल्याचं त्यांच्या कानावर पूर्वी आलं होतं, परंतु त्याला दुजोरा मिळाला नव्हता. गाणं संपल्यावर त्यांनी बाईंना नम्रपणे विचारलं की पलंगावर परत जाणार आहात का. खर्जाच्या दृष्टीने विचारतोय.

‘‘नाही,’’ बाई म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून बाई घरभर गुणगुणत हिंडू लागल्या, अगदी अंतऱ्यासकट. मंडळाने याबद्दल निरीक्षकांकडे लेखी चिंता व्यक्त केली, कारण अशाने घराचा मूळ आवाज वाढतो. निरीक्षकांनी ते पत्र फाडून टाकलं. खात्यातल्या नोकरीत त्यांनी कागद फाडण्याची ही पहिलीच वेळ. पुढच्या बैठकीला ते गेले नाहीत. बाईंना धरून कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत गेले. बाकावर टेकल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही.

‘‘एक विचारू? तिघांतला कोणता बरा वाटला गं तुला?’’

‘‘तिघं कोण?’’ बाईंनी विचारलं.

प्रस्तुत हकिगत मंडळाच्या परिचितांत यथावकाश पसरली आणि त्यावर भरपूर चौकशा आल्या. तिसरी डबी कोणत्या बनावटीची, हे बहुतेकांनी विचारलं आहे. काहींना रिमोट वेगळा मिळेल का, हे हवं आहे. दोघांनी पलंगाची लांबी-रुंदी मागितली आहे, आणि एका गृहस्थाने पत्नीच्या गुडघ्यांची सद्यःस्थिती सविस्तर कळवून पुढे काय करावं याचा सल्ला मागितला आहे. गाणं कोणतं होतं, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. तुम्ही विचारणारच होतात, याबद्दल मंडळाला तिळमात्र शंका नाही.